खात्रीचा प्रश्न

टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं दोष शोधण्याचं काम केलं. कोणाच्या घरचा फोन बंद पडला की तक्रार माझ्या टेबलावर यायची आणि मी हेडफोन लावून ती लाइन ऐकायचो. तार तुटली असेल तर एक प्रकारची शांतता असते, कुठे चिकटली असेल तर दुसरी. केबलमध्ये पाणी शिरलं की बारीक खरखर येते, तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखी. सवयीने एवढंही कळायचं की दोष लांबचा आहे की गिऱ्हाइकाच्या दाराशीच. मी सांगायचो, लाइनमन खणायचे, आणि बहुतेक वेळा तिथेच ओल सापडायची.

या नोकरीने माणूस संशयी होतो. कोणी "सगळं ठीक आहे" म्हटलं की मला त्यामागचा आवाज आधी ऐकू येतो. बँकेतून फोन आला तर मी शाखेच्या मॅनेजरचं नाव विचारतो. मासेवालीने पापलेट ताजं आहे म्हटलं तर कल्ले उघडून बघतो, आणि तिने शपथ घेतली तर दुसऱ्यांदा बघतो. माझी बायको फ्लॉसी म्हणते, "तुम्ही कन्फेशनला गेलात तरी आधी फादरचं ओळखपत्र मागाल."

म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये शॅननने जेवताना सांगितलं की जुलैत ती आणि अक्षया परदेशात संगीत महोत्सवाला जाणार आहेत, तिकिटंसुद्धा काढून झाली आहेत, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

शॅनन आमची एकुलती एक. वय चोवीस, नोकरी मालाडला, जीव गाण्यात. माझे वडील गावच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सातवीत असताना तिने ते कपाटातून काढलं, ते पुन्हा आत गेलंच नाही. भांडी घासताना, केस विंचरताना, अगदी रुसून बसली तरी तिचं नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणणं चालू असायचं. महोत्सव एस्टोनिया नावाच्या देशात, एका तळ्याकाठच्या जंगलात. चार दिवस तंबूत राहायचं. तो देश नकाशावर शोधायला मला चष्मा लागला. अक्षया तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, वसईगावातली, बागायतदारांची मुलगी, डोकं ठिकाणावर असलेली. तेवढाच काय तो दिलासा.

नको म्हणून काही उपयोग नव्हता. मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो.

कागद तयार व्हायला नऊ दिवस लागले. सगळ्यात वर तिची माहिती: पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, पासपोर्टचा क्रमांक, कोळंबी वर्ज्य, अंगावरची खूण. खूण लिहिताना ती माझ्यासमोर, टेबलाच्या पलीकडे, चहा पीत बसली होती. मी मान वर करून बघितलं आणि लिहिलं, 'डाव्या कानाखाली तीळ'. त्याखाली सतरा नियम. अक्षयाची सोबत सोडायची नाही. पेल्यावर कायम तळहात ठेवायचा, कोणी काही मिसळू शकतं. पैसे दोन ठिकाणी ठेवायचे. चुकामूक झाली तर फाटकाजवळच्या पिवळ्या तंबूपाशी जाऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही. त्या तंबूची जागा मी आयोजकांना ईमेल करून विचारून घेतली होती. आपल्या घड्याळाने रोज संध्याकाळी सातला, चर्चची घंटा झाली की फोन करायचा. मोबाइल लागला नाही तर घरच्या लँडलाइनवर. आणि तळ्यात उतरायचं नाही.

"तळ्यात का नाही?" शॅनन म्हणाली. "मी बावखलात पोहायला शिकलेय, डॅडी. मासोळी आहे मी."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, झाडं शिंपण्यासाठी जुन्या लोकांनी खणलेलं. वसईतली बरीच बावखलं बुजवून त्यावर इमारती उभ्या राहिल्या. भुईगावात आमच्या घरामागे, केळीच्या पलीकडे, आमचं अजून आहे. एका बाजूने त्यात दगडी पायऱ्या उतरतात. अकरा. आजोबांनी माझ्या वडिलांना अकरा सांगितल्या, वडिलांनी मला, आणि शॅनन आकडे शिकली तीही त्याच पायऱ्यांवर. मे महिन्यात पाणी अगदी तळाला गेलं की अकरावी उघडी पडते. तिच्याखाली काळा गाळ.

सतरावा नियम खात्रीच्या प्रश्नाचा होता. पोटच्या पोराच्या हुबेहूब आवाजात फोन करून आईबापांना लुबाडतात, असं मी पेपरात वाचलं होतं. म्हणून बोलण्याआधी विचारायचं: बावखलाला पायऱ्या किती? उत्तर चुकलं तर फोन ठेवायचा. रडणं, विनवण्या, काही ऐकायचं नाही. हे मी चौकटीत लिहिलं आणि खाली उत्तरही लिहिलं, अकरा.

"डॅडी! पासवर्ड कोणी कागदावर लिहून ठेवतं का?"

"घाबरलं की माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो."

"आणि ही भाषा बघा. 'सदर व्यक्तीने'! मी व्यक्ती आहे?" ती हसत सुटली. तिचं हसणं आधी नाकातून सुरू व्हायचं आणि मग घरभर व्हायचं.

घरात आम्ही आमची सामवेदी बोली बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी छापील मराठीत लिहितोय. तो कागदही मी असाच लिहिला होता, खात्याच्या भाषेत. पारनाक्यावरच्या दुकानात त्याच्या दोन प्रती लॅमिनेट करून घेतल्या, एक शॅननला, एक अक्षयाला. मूळ कागद फ्रीजवर चुंबकाने लावला.

गुरुवारी, महोत्सवाच्या पहिल्या दिवशी, घंटा संपायच्या आत मोबाइल वाजला. मागे ढोल, शिट्ट्या, माणसांचा गलका. "अकरा, अकरा, अकरा!" मी विचारायच्या आधीच ती ओरडली. इथे रात्रच होत नाही म्हणाली, दहा वाजता पण ऊन असतं. एका म्हाताऱ्याने असलं क्लॅरिनेट वाजवलं की तिला रडू आलं. फ्लॉसीने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?"

शुक्रवारी सात वाजले, घंटा झाली, फोन आला नाही. पाऊस लागून राहिला होता. सव्वासातला मी तिचा नंबर लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. अक्षयाचंही तेच. फ्लॉसी रोझरीची माळ हातात घेऊन बसली. सात एकोणचाळीसला मोबाइल वाजला.

"डॅडी, मी ठीक आहे. अकरा."

"उशीर का झाला?"

"चुकामूक झाली होती. मी पिवळ्या तंबूपाशी जाऊन उभी राहिले. हलले नाही."

माझ्या जिवात जीव आला. पोरगी शहाणी झाली, असं मी फ्लॉसीला म्हणालोसुद्धा. मागे गाण्याचा आवाज नव्हता आणि ती आपल्या बोलीत बोलत नव्हती, हे कानाने टिपलं होतं. पण सुटका झाल्यावर माणूस खोलात जात नाही. मीही गेलो नाही.

दहा मिनिटांनी लँडलाइन वाजली.

लँडलाइन आता कोण ठेवतो? मी ठेवली आहे, जुन्या नोकरीची आठवण म्हणून. महिनोन्‌महिने वाजत नाही. उचलली तर आधी खरखर आली. केबलमध्ये ओल. पावसाळ्यात त्याचं नवल नाही, पण कान आपलं काम करतोच, आणि माझा कान सांगत होता की ओल लांबची नाही. फार तर घरापासून पन्नास-साठ मीटर. मग त्या खरखरीमागून आवाज आला. आमच्या बोलीत, दातांवर दात आपटत. आवाज शॅननचा होता. अक्षया दिसत नाही, म्हणाली. मोबाइल कुठे गेला कळत नाही. थंडी आहे, काळोख आहे. डॅडी, या ना.

पण दहाच मिनिटांपूर्वी मी माझ्या मुलीशी बोललो होतो. शिवाय तिथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन असणार, आणि ही काळोख म्हणत होती. इथेच चोर सापडला, असं मला वाटलं.

मी विचारलं, "बावखलाला पायऱ्या किती?"

"बारा."

"किती?"

"बारा, डॅडी. कागदावर चुकलंय. मी शेवटच्या पायरीवर उभी आहे."

मी फोन ठेवला.

नंतर मी अक्षयाला लावला तर लगेच लागला. "हो अंकल, शॅनन इथेच आहे, माझ्या शेजारी," ती म्हणाली. दमलेली वाटली. मी सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला, आणि फ्लॉसीला म्हणालो, "बघ, हसत होतीस ना कागदाला!"

फ्लॉसी हसली नाही. "आपल्या बोलीत बोलली?"

"हल्ली मशीन कसलीही भाषा बोलतं. ऐकवली की शिकतं."

"ही चार गावं सोडली तर आपली बोली कोणाला येते? मशीनला कोणी ऐकवली?"

मी टीव्ही लावला.

शनिवारी मोबाइल सातच्या ठोक्याला वाजला. "डॅडी, मी ठीक आहे. अकरा." सात दहाला लँडलाइन. या वेळी रडणं नव्हतं. मी प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग आवाज आला, "बारा. पुन्हा मोजल्या." मी ठेवला.

रविवारी मी सातच्या आधीच लँडलाइनची पिन भिंतीतून काढून ठेवली. सात दहाला फ्लॉसीने त्या मुक्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या गुरुवारी दोघी परत आल्या. विमानतळावर शॅनन ट्रॉली ढकलत बाहेर आली, मनगटावर महोत्सवाची कापडी पट्टी. मी थट्टेने म्हटलं, "पायऱ्या किती?" ती थांबली. "अकरा," म्हणाली, आणि फ्लॉसीने मिठी मारली तेव्हा तिने हात कुठे ठेवायचे याचा विचार केल्यासारखं केलं. अक्षया आमच्या गाडीतून आली नाही. भाऊ न्यायला येतोय म्हणाली. कोणी आलेलं मला तरी दिसलं नाही.

नंतरचं सगळं बारीकसारीक आहे. तक्रार लिहून घ्यायला बसलो असतो तर मीच म्हटलं असतं, यात दोष काय?

घरात पाणी पितानाही ती पेल्यावर तळहात ठेवायची. एक घोट घ्यायचा आणि पुन्हा झाकायचं. कोळंबीला हात लावायची नाही. तसं कोळंबीने तिला पहिल्यापासून खाज यायची, पण आमची शॅनन पातेल्यातून दोन तरी चोरायचीच आणि मग रात्रभर हात खाजवत आईच्या शिव्या खायची. आता शिव्या खायची वेळ येत नव्हती. बोलायची छापील मराठीत. फ्लॉसीने बोलीत काही विचारलं तर क्षणभर वाट बघून हो म्हणायची. बावखलाकडे फिरकली नाही. क्लॅरिनेट पलंगाखाली गेलं आणि घरात गुणगुणणं बंद झालं. आमचं घर इतकं शांत असू शकतं हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी सातला, घंटा झाली की, माझा मोबाइल वाजायचा. ती आतल्या खोलीतून फोन करायची. "डॅडी, मी ठीक आहे. अकरा."

पहिल्यांदा मी हसलो. आठवड्याभराने ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "नियम आहे ना?"

डिसेंबरात नाताळच्या खरेदीला वसईच्या बाजारात गेलो होतो, तिथे अक्षया दिसली. मला बघून वळली, पण मी आडवा गेलो. "घरी येत नाहीस ती?"

"वेळ नाही मिळत, अंकल."

"अक्षया, त्या शुक्रवारी काय झालं?"

ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "काही नाही झालं. आम्ही तळ्याजवळ होतो. तिथे पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या आहेत, ती म्हणाली, 'अगदी आमच्या बावखलासारख्या, मी मोजून येते.' मी पाणी आणायला गेले. चाळीस मिनिटं सापडेना. मग पिवळ्या तंबूपाशी दिसली. केस ओले होते. हातात तुमचा कागद होता आणि ती वाचत होती."

"मग?"

"मोठ्याने वाचत होती, अंकल. पहिल्यापासून. स्वतःचं नाव पण वाचत होती." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी हाक मारली तर आधी कागदात बघितलं, माझं नाव आहे का ते."

घरी आल्यावर मी लँडलाइनची पिन परत भिंतीत घातली. त्या दिवसापासून रोज सात दहाला रिसीव्हर उचलून ऐकायचो. डायल टोन असायचा, आणि त्याच्यामागे, अगदी बारीक, ती खरखर. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पावसाचा थेंब नाही, केबल कोरडी ठणठणीत हवी, आणि तरी ओल तिथेच, पन्नास-साठ मीटरवर. घरापासून बावखल तेवढंच लांब आहे. दोष दिसला की तक्रार नोंदवणारा मी, या दोषाची तक्रार केली नाही. ती ओल आहे तोवर लाइनच्या त्या टोकाला कोणीतरी आहे, असं मला वाटत होतं. आणि असं वाटतंय हे मी स्वतःलाही सांगत नव्हतो. दोनदा "शॅनन" अशी हाक मारली. खरखर क्षणभर थांबल्यासारखी झाली. पण कानाला हवं ते ऐकू येतं, हेही मी खात्यातच शिकलो होतो. मला पुरावा हवा होता.

मे महिन्यात मी बावखलातला गाळ काढायचं ठरवलं. फ्लॉसीला सांगितलं, पाणी वाढेल. खरं कारण एकच होतं, मला पायऱ्या मोजायच्या होत्या.

रामनाथ पंपवाल्याने दोन पंप लावले. तीन दिवस पाणी उपसलं, चौथ्या दिवशी पाटीने गाळ निघाला. दुपारी त्याने मला हाक मारली. मी चप्पल काढून उतरलो, एकेक पायरी मोठ्याने मोजत. अकरावीच्या खाली, हातभर गाळ काढल्यावर, आणखी एक दगड होता. घडवलेला, काठ गोलावलेला, वरच्या अकरांसारखाच.

बारा.

मी वर जाऊन पुन्हा मोजल्या. मग पुन्हा.

"साहेब," रामनाथ म्हणाला, "पानी गेलं तवा एक बघितलं. सगलीकडं हातभर गाळ, पन या दगडावर दोन जागी गाळ नव्हता. पावलाएवढा. हितं कोन उभं ऱ्हात होतं काय?"

त्याने बोट दाखवलं तिथे दगड बाकीच्यापेक्षा उजळ होता. दोन ठिपके, शेजारी शेजारी. पाऊल लहान होतं, बाईमाणसाचं. मी खाली बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती, दोनदा, स्वतःच्या हाताने. तिसऱ्यांदा तर तिला बोलूही दिलं नव्हतं.

घरात आलो तेव्हा उकाड्यामुळे फ्लॉसी मुलीचे केस वर बांधून देत होती. परत आल्यापासून ती केस कायम मोकळे ठेवायची, कान झाकलेले. मी दारातच उभा राहिलो.

तीळ डाव्या कानाखाली होता.

समोरच्या भिंतीवर शॅननचा लहानपणचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनिअनचा फोटो आहे. हातात मेणबत्ती, मान थोडी वळलेली, आणि उजव्या कानाखाली तीळ. फोटो उलटा छापला असेल, म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. मागच्या पताकेवरची अक्षरं सुलट होती. मग आठवलं. ती माझ्यासमोर चहा पीत बसली होती. समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी कागदावर चुकीचं लिहिलं होतं.

ती उठून खोलीत गेली. फ्लॉसी कंगव्यातले केस काढत होती.

"तू बघितलंस?"

"पहिल्या आठवड्यातच बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? हिला कुठे परत पाठवू?" फ्लॉसीचा आवाज चिरकला. "माझी पोर त्या फोनवर होती ना? होती ना? तुम्ही ठेवलात. आता जी घरात आहे तीही घालवू?"

तिने ओट्यावरचं पेन घेतलं आणि फ्रीजपाशी गेली. 'डाव्या' खोडून वर 'उजव्या' लिहिलं. मग खाली लिहीत गेली. भांडी घासताना गुणगुणते. कोळंबी चोरून खाते. घरात आपली बोली बोलते. हसताना आधी नाकातून. तिचं अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार, ती रडत होती तरी एक ओळ वाकडी गेली नाही. मग पेन चौकटीवर आलं.

"ते नको, फ्लॉसी."

"बारा निघाल्या ना? रामनाथ ओरडला ते ऐकलं मी."

"तेवढं एक राहू दे. तेवढंच फक्त आपल्या खऱ्या पोरीला माहीत आहे. मी ओळखणार कशी?"

"आपल्या मुलीला खरं उत्तर यायला नको?" असं म्हणून तिने 'अकरा' खोडलं.

सकाळी मी उठलो तेव्हा ती फ्रीजसमोर उभी होती. अभ्यासाला बसल्यासारखे ओठ हलत होते. केस वर बांधलेले होते. तीळ उजव्या कानाखाली होता. तिने वळून बघितलं आणि हसली, आधी नाकातून. नंतर भांड्यांचा आवाज आला आणि त्याबरोबर गुणगुणणं. चाल कोणतीच नव्हती, एकच सूर, पण फ्लॉसी चुलीपाशी डोळे मिटून ऐकत होती.

संध्याकाळी घंटा झाली. मी लँडलाइनजवळ खुर्ची घेऊन बसलो होतो. मोबाइल वाजला. वाजू दिला. बंद झाला नाही, तेव्हा उचलला.

"डॅडी," ती आमच्या बोलीत म्हणाली, "मी ठीक आहे."

मी काही विचारलं नाही.

"बारा."

मोबाइल कानाला तसाच ठेवून मी दुसऱ्या हाताने लँडलाइनचा रिसीव्हर उचलला आणि दुसऱ्या कानाला लावला. खिडकीतून बावखल दिसत होतं, रिकामं, बाराही पायऱ्या वाळत पडलेल्या. मी बराच वेळ ऐकत राहिलो.

नुसता डायल टोन होता. ओल कुठेच नव्हती.